दिव्यावरचा टिळा

लाखांदूरच्या कृष्णरावांच्या राईस मिलमध्ये सत्याऐंशी साली कॉम्प्युटर आला आणि तो सांभाळायला त्यांनी जागेश्वरला निवडलं. कारण एवढंच, की काट्यावर धानाची पोती मोजणाऱ्यांत त्याच एकाचा शर्ट दिवसभर स्वच्छ राहायचा. नागपूरला जाऊन तो चार गोष्टी शिकून आला. त्यातले लक्षात राहिले ते दिवे. पेटीवरचा हिरवा लागला म्हणजे करंट आला, लाल फडफडला म्हणजे आत काम चालू. पडद्याचा दिवा वेगळा. "पहिले हिरवा पाहाचा. हिरवाच नसन तं पुढचं पाहूच नोको," हा त्याचा मंत्र.

काट्यावरचा माणूस खुर्चीत बसला की मान जरा ताठ होतेच. जागेश्वरची इतकी झाली, की जुन्या सोबत्यांना तो हनुवटीनेच रामराम करू लागला.

दसऱ्याला मिलमधली यंत्रं झाडूनपुसून पुजली. कृष्णरावांच्या आई मनकर्णाबाई इंजिनाला, काट्याला टिळा लावत कॉम्प्युटरपाशी आल्या आणि थबकल्या. "याचं कपाळ कोठी असन रे?"

"लावा कोठीबी, आई," जागेश्वर उदारपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बटण दाबलं. हार, हळद, कुंकू यांतून वाकून पाहिलं, पण हिरवा लागलेला दिसेना. पडद्याचाही दिवा विझलेला. बाहेर इंजिन धडधडत होतं, त्यात दुसरं काही ऐकू येण्याची सोय नव्हती. आणि मंत्राप्रमाणे पुढचं पाहायचंच नव्हतं. "करंटच येऊन नाही राहिला, मालक. पावर सप्लाय गेला," त्यानं डॉक्टरसारखं तोंड करून सांगितलं.

"मंग नागपूरले पाठवू," कृष्णराव म्हणाले. "तवरक तू काट्यावर जाय."

हे औषध आपल्यालाच प्यावं लागेल, असं डॉक्टरांना वाटलं नव्हतं. काट्यावर आता सगळ्या हनुवट्या जागेश्वरची वाट पाहत असणार.

जाताना पाया पडावं म्हणून त्यानं पेटीवर डोकं टेकवलं. पेटी गरम होती आणि आत बारीक घरघरत होती. मेलेलं काही घरघरत नाही, एवढं त्याला नागपूरला न जाताही कळत होतं. त्यानं समोरून नीट पाहिलं. ओल्या कुंकवाचा वाळलेला टिळा, वर अक्षता. नखानं खरवडला, तर खालून हिरवा दिवा मिचमिचला. मग पाठीमागे हात घातला. पुसताना पडद्याची वायर निसटली होती. ती खोचताच पडदा उजळला.

कृष्णराव आले, मागोमाग मनकर्णाबाई. "काय झालं होतं?" कृष्णरावांनी विचारलं.

जागेश्वरनं नखातलं कुंकू मुठीत लपवलं. मालकाच्या आईचं नाव घ्यावं, तर "कोठीबी" म्हणणारा तोच. "नजर लागली होती, मालक. उतरवली."

"मले वाटलंच," मनकर्णाबाई म्हणाल्या. "एका टिळ्यानं काय होते? आता रोज सकाळी येऊन साऱ्याच दिव्याइले लावीन."

आणि त्या शब्दाच्या पक्क्या निघाल्या. जागेश्वरची खुर्ची टिकली. शर्ट मात्र पुन्हा कधी स्वच्छ राहिला नाही. दिवे पुसून पुसून उजवी बाही कायमची लाल झाली.