पिल्लाकडे पाठ करून

मी ते पिल्लू मागितलं नव्हतं. मुलाच्या क्लाससाठी बायको आणि तो नागपुरात राहतात, मी नोकरीमुळे राळेगावात, भाड्याच्या एका खोलीत. मुलाने हौसेने पांढरं पामेरियन पिल्लू आणलं आणि पिल्लाने फ्लॅटमधली एकही गादी कोरडी ठेवली नाही. बायको म्हणाली, "परीक्षा होईपर्यंत तुम्ही न्या. तुमच्याकडे तसंही कोण असतं?"

ती सहज बोलली. एसटीत ते पिशवीतून तोंड काढून माझ्या मनगटावर हनुवटी टेकवून झोपलं, तेव्हा मला तिच्या बोलण्याचं काहीच वाटलं नाही. कुलूप उघडल्यावर खोलीत आता कुणीतरी असणार होतं.

खोली वरच्या मजल्यावर. जिना घरमालकांच्या अंगणात उतरतो. मालक मेकॅनिक आहेत. त्यांच्या आईला सगळी गल्ली चाची म्हणते, मीही.

पिल्लाला दोरी बांधून मी सकाळ-संध्याकाळ गावाबाहेर न्यायचो. ते प्रत्येक ढेकूळ हुंगायचं, शेताच्या प्रत्येक धुऱ्यावर चढायचं, पण मुतायचं नाही. परत खोलीत पाय ठेवला की लगेच दिवाणापाशी तळं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला सांगितलं तर तो हसला. "लाड करून राह्यले तुमी. जिथं मुतलं तिथंच नाक घासा त्याचं, अन् एक ठेवून द्या. बरोबर समजते मंग."

मी तसं केलं. एकदा नाही, रोज. मानगूट धरून ओल्या फरशीवर त्याचं नाक घासायचो आणि चापट मारायचो. माझ्या पंज्यात त्याचं अख्खं डोकं मावायचं. ते ओरडायचं नाही, डोळे घट्ट मिटून घ्यायचं. मग मी दुधात पोळी कुस्करून पुढे ठेवायचो. त्याने खाल्ली की मला हायसं वाटायचं, जणू झालं गेलं मिटलं.

थोड्या दिवसांनी फरशी कोरडी राहायला लागली. मी नागपूरला फोन करून सांगितलंसुद्धा, की शिस्त लावली. पण खोलीत वास होता. शोधलं तर दिवाणाखाली, कूलरच्या मागे, जुन्या ट्रंकेच्या आडोशाला डागच डाग. मी समोर नसताना ते अंग चोरून तिथे जात होतं. मला वाटलं, किती लबाड जात आहे ही. मी पुन्हा मारलं.

मग एका दुपारी दार उघडं राहिलं. ते जिना उतरलं आणि ओट्यावर वाळत घातलेल्या चाचींच्या ओढणीवर मुतलं. संध्याकाळी चाची जिन्याच्या तळाशी उभ्या होत्या. आवाज चढवला नाही.

"भाऊ, मुक्या जनावराचा मले राग नाही जी. पण त्याच ओट्यावर मी नमाज पढतो. एक थेंब पडला तरी सारं धुवा लागते. माये गुडघे पाहा अन् तो ओटा पाहा."

"चाची, मी धुऊन देतो."

"आज धुवान. उद्या? त्याले कुठी पाठवा, नाही तं तुमीच दुसरी खोली पाहा."

त्यांचं काही चुकत नव्हतं. मी त्या सहकाऱ्यालाच विचारलं. बाभुळगावकडे त्याच्या भावाचं शेत आहे. भाऊ रविवारी येऊन नेईल म्हणाला. त्या रात्री पिल्लू नेहमीसारखं माझ्या पायाशी आलं आणि मी पाय आखडून घेतले. सवय मोडायची होती, माझी.

शनिवारी संध्याकाळी आम्ही पऱ्हाट्यांच्या ढिगाशी होतो. कपाशी उपटून तिथे रचून ठेवली होती. मुलाचा फोन आला. तो "हं, ठीक, देतो मम्मीला" म्हणाला आणि बायकोचा आवाज आला. बोलता बोलता मी रस्त्याकडे वळलो, दोरी हातात सैल झाली. मागे वाळलेल्या पाल्यावर बारीक आवाज झाला. मी वळून पाहिलं. पिल्लू बसून मुतत होतं. माझी नजर पडली मात्र, ते मध्येच थांबलं, पोट जमिनीला टेकवलं, कान मागे पाडले आणि डोळे मिटून वाट पाहत राहिलं.

फोनवर बायको विचारत होती, "ऐकताय ना?"

मी ऐकत नव्हतो. त्याला जागा कळत नव्हती असं नाही. माझ्यादेखत हे करायचं नाही, एवढंच मी त्याला शिकवलं होतं आणि तेवढं ते नीट शिकलं होतं. दोरीच्या टोकाला मी असताना ते बाहेर कसं करणार?

रविवारी मोटारसायकल आली तेव्हा मी सहकाऱ्याच्या भावाला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. तो कुरकुरला. मग मी चाचींकडे जाऊन ईदपर्यंतची मुदत मागितली. त्या म्हणाल्या, "जिन्याले फाटक लावा पयले."

फाटक लावलं. दोरी लांब घेतली. ढिगाशी पोचलो की मी पाठ करून उभा राहायचो, चांगलं अर्धा-अर्धा तास. जळणाचे भारे घेऊन जाणाऱ्या बाया थांबून हसायच्या. "काहो भाऊ, मुतते कुत्रं अन् लाज तुमाले येते का?"

"त्याले येते," मी म्हणायचो.

ईद झाली. चाचींनी शीरखुर्म्याची वाटी वर पाठवली आणि पिल्लाचा विषय काढला नाही. मीही नाही काढला. खोलीला आता वास नाही. ते पायाशी झोपतं, हातातली पोळी खातं. पण अजून माझ्यासमोर करत नाही. काल मी न राहवून मान वळवली. ते अर्ध्यावर थांबलं आणि चपटं झालं. मी पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं आणि उभा राहिलो. बऱ्याच वेळाने पाला वाजला.