विकेटकीपरची दुसरी सही

मी सह्यांची भिकारीण आहे, असं आई म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. क्रिकेट खेळाडूंची फोटोवाली कार्डं मी गोळा करते आणि ज्याचं कार्ड, त्याचीच सही त्यावर घेते. त्यासाठी काय नाही केलं? ठाण्यात स्टेडियमच्या गेटला चिकटून उन्हात उभी राहिले. मानपाड्याच्या टेनिस-बॉल स्पर्धेत बक्षीस द्यायला कोण येणार हे कळावं म्हणून आयोजकांच्या बायकांशी मैत्री केली. एका लग्नात तर न बोलावता जेवून आले, कारण नवऱ्याचा मामा एकेकाळचा स्पिनर होता. पोस्टानेही पाठवते, सोबत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. बरीच पाकिटं येतच नाहीत. काहीजण खोट्या सह्या मारून कार्डं विकतात, त्यांच्या नावाने मी बोटं मोडते.

पन्नाशीला आलेली, शाळेत गणित शिकवणारी मुलगी सुट्टीत म्हाताऱ्यांच्या मागे पेन घेऊन धावते, याची आईला लाज वाटायची. अल्बमकडे तिने कधी ढुंकून बघितलं नाही.

मग गेल्या खंडेनवमीला तिला काय सुचलं कुणास ठाऊक. मी आंघोळीला गेलेले. बाहेर आले तर पाटावर विळी, कात्री, स्कूटरची किल्ली आणि त्यांच्याच रांगेत माझं एक कार्ड, प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढलेलं. त्यावर ओलं हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. ठाण्यात राहणाऱ्या एका जुन्या विकेटकीपरचं ते कार्ड, माझं सगळ्यात लाडकं, हे मीच तिला कधीतरी सांगितलेलं. माझा मार्कर बाजूला सारून त्यांनी स्वतःच्या शाईच्या पेनाने सही केली होती. पाणी लागल्यावर तिचं काय राहणार? सगळी फिसकटली.

मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. तिला अडाणी म्हटलं, एवढं सांगते. ती पळी हातात धरून तशीच उभी राहिली.

"अगं, आज ज्याची त्याची हत्यारं पुजतात," ती म्हणाली. "तुझं हेच ना?"

त्या दिवसापासून तिचं अन्न तुटलं. रुसून नव्हे, घासच उतरेना. डॉक्टरांना काही सापडलं नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचा तर मला सांगायची, माझ्या हातून नको, काहीतरी बिघडेल. मी शंभरदा माफी मागितली. पण तिचं एकच, सही परत मिळेल का? ती मिळाल्याशिवाय ही बाई जेवणार नाही, हे मला कळून चुकलं.

तेच कार्ड दुसरं मिळवलं. दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. शेवटी ठाण्याला त्यांच्या घरी गेले. दार त्यांच्या बायकोने उघडलं. झटका आल्यापासून आठ महिने उजवा हात हललेला नाही, डावा थरथरतो, घाससुद्धा मीच भरवते, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. तरी मी कोडगेपणाने हात जोडले, आईचं सगळं सांगितलं, नुसती रेघ ओढली तरी चालेल म्हटलं. आतून खोकल्याचा आवाज आला.

"आपल्याला जमत नाही, हे त्यांना परत दिसायला नको," त्या म्हणाल्या आणि हळूच दार लावलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात बसले. फोनमध्ये जुन्या सहीचा फोटो होता. चाचणीच्या उरलेल्या कागदांवर ती गिरवत राहिले, हात बसेपर्यंत. मग शाईचं पेन घेतलं आणि कार्डावर एका दमात मारली. हुबेहूब आली, मेली. घरी जाऊन आईला म्हटलं, त्यांनी पुन्हा सही करून दिली, आणि तुला नमस्कार सांगितलाय. आई रडली. त्या दिवशी ती पिठलं-भाकरी पोटभर जेवली. माझ्या घशाखाली मात्र काही उतरेना.

दिवाळी झाली आणि ते गेल्याची बातमी आली. आई म्हणाली, आपण भेटायला जायचं. मी तिचे गुडघे काढले, गर्दी काढली, माझी शाळा काढली.

"ज्या माणसाने मला माफ केलं, त्याच्या दारात मी जाऊ नको?" तिने विचारलं.

रिक्षा करून आम्ही ठाण्याला गेलो. त्यांच्या बायकोने मला लगेच ओळखलं. मी काही बोलायच्या आत आईने पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. म्हणाली, दिवाळीच्या आधी माझ्यासाठी सही केली त्यांनी, शेवटचीच असेल, तुमच्याकडे राहू दे.

त्या बाई सहीवरून बोट फिरवत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हात थरथरला नाही त्यांचा?"

आईही माझ्याकडेच बघत होती.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. उठून कार्ड नवऱ्याच्या फोटोला टेकवून ठेवलं, आईच्या शेजारी येऊन बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. मला चालती हो म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.