मास्टर खाली है

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. 'नव्हता' म्हणत नाहीये, आजही नाही. भुतंखेतं, आत्मे, गेलेल्या माणसाने येऊन सांगणं... आम्हा ख्रिस्ती लोकांना यातलं काही मानायची मुळात परवानगीच नाही. आणि मी तर दार आपोआप हललं तर कुठली खिडकी उघडी राहिली ते बघायला जाणारी बाई.

मग हे लिहिते कशाला? कारण आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना गेली दोन वर्षं माझी 'साक्ष' हवी आहे. साक्ष म्हणजे उपासनेत सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, की मी देवावर कसा भरवसा ठेवला आणि देवाने माझ्यासाठी काय केलं. मी देणार नाही. कारण मी भरवसा ठेवलाच नव्हता, मी भांडत होते. भांडण कापून उरलेलं गोड गोड तेवढं सांगणं मला जमणार नाही. इथे पूर्ण सांगते. फक्त एक विनंती — कमेंटमध्ये 'आमेन' लिहू नका.

तर, ठिकाण दिल्ली, आर. के. पुरम. सरकारी क्वार्टर, दुसरा मजला, माझ्या नोकरीमुळे मिळालेलं. नवरा सुहास मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात आहे. कंपनीच्या बसने जातो आणि शिफ्ट संपेपर्यंत फोन गेटवर जमा असतो. मुलगी रूथ, तेव्हा नऊ वर्षांची. आणि अण्णा, माझे सासरे. नगर जिल्ह्यातल्या एका मिशन शाळेत त्यांनी आयुष्यभर मुलांना शिकवलं आणि म्हातारपणी त्यांना विस्मरणाने गाठलं. अगोदर नावं गेली, मग रस्ते, मग हिंदी. मराठी तेवढी उरली.

सासूबाई या घटनेच्या सहा वर्षं अगोदर गेल्या, याच क्वार्टरमध्ये, कॅन्सरने. रूथ तेव्हा तीन वर्षांची होती. अंथरुणावरूनही त्या माझ्याशी एकाच गोष्टीवरून वाद घालायच्या. "पोरीशी मराठीत बोल गं. उद्या मी काही सांगितलं तर तिला कळायचं कसं?" मी म्हणायचे, आई, शाळेत मागे पडेल ती. रोज पहाटे उठून प्रार्थना करणारी ती बाई तळमळत गेली. देवाशी माझं तेव्हापासूनच नीट नव्हतं.

मे महिन्यातला मंगळवार. अण्णांना सांभाळायला येणारी बाई गावी गेली होती म्हणून मी रजा घेतली होती. सव्वा अकराच्या सुमारास ऑफिसमधून फोन आला, कुठलीतरी फाइल सापडत नव्हती. मी बाल्कनीत जाऊन बोलले. पाच मिनिटं, फार तर सात. परत आले तर जाळीचं दार सताड उघडं आणि अण्णा नाहीत.

बाहेर चव्वेचाळीस डिग्री. ऐंशीच्या घरातला माणूस, पायात चप्पल नाही, खिशात काही नाही, आणि कोणी विचारलं तर मराठीत उत्तर देणार. मी रूथला घरी थांबवलं, अण्णा परत आले तर कोणीतरी हवं म्हणून. समोरच्या नेगी आंटी आपलं दार उघडं टाकून, कूलरसमोर खुर्ची ओढून राजमा निवडत बसल्या. म्हणाल्या, "तू जा बेटा, मैं यहीं बैठी हूँ."

सेक्टरचं मार्केट, बसस्टॉप, मेट्रोचा जिना, पार्क, सगळं पालथं घातलं. चौकीत फोटो दिला. सुहासच्या गेटवर निरोप ठेवला. आणि आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर लिहिलं, की अण्णा हरवलेत, जवळपास असाल तर कृपा करून शोधायला या.

आलं कोणीच नाही. आले ते जोडलेले हात. एकामागून एक. 'प्रार्थनेत आहोत.' 'देवावर भार टाका.' माझी नणंद पुण्याहून फोन करून म्हणाली, "वहिनी, रडू नकोस. देव तुझा विश्वास तपासून बघतोय." मी म्हटलं, "ताई, माझा विश्वास तपासायला त्याला तुमच्या वडिलांनाच उन्हात फिरवायचं होतं का?" आणि फोन ठेवला.

दीड वाजता पाणी प्यायला घरी आले. रूथ दारातच उभी होती.

"मम्मी, एक आंटी आई थी. बोली, मास्टर खाली है."

आता बघा. सेक्टरच्या मार्केटमधल्या टेलरला इथे सगळे मास्टरजीच म्हणतात. माझं ब्लाउज त्याच्याकडे पंधरा दिवस पडून होतं. 'अभी बिल्कुल टाइम नहीं है मैडम, शादियों का सीज़न है.' म्हणजे आता त्याला वेळ झाला, तो रिकामा आहे, आणि तसा निरोप त्याने कोणाकरवी पाठवला. मला काय वाटलं असेल त्या क्षणी? मी पोरीवर ओरडले. "आजोबा मिल नहीं रहे और तू टेलर की बात कर रही है?" ती रडायला लागली. मी तशीच पुन्हा बाहेर पडले.

तीन वाजले. बसस्टॉपच्या बाकावर बसले. शेजारी कोणी नव्हतं, आणि असतं तरी मला फरक पडला नसता. मी देवाशी मोठ्याने बोलायला लागले, मराठीत. प्रार्थना नव्हती ती. म्हटलं, "तुझ्यावर भार टाका म्हणतात. हा बघ टाकला. आता उचल. आईंचं ऐकलं नाहीस, निदान या माणसाचं तरी ऐक, आयुष्यभर लोकांच्या पोरांना तुझी गाणी शिकवली त्याने. वर बसून सगळं बघतोस ना? मग खाली काय चाललंय ते दिसत नाही तुला? इथे... खाली..."

आणि तो शब्द माझाच मला ऐकू आला. खाली.

हिंदीत खाली म्हणजे रिकामा. मराठीत नाही. आणि मास्तर... अण्णांना आम्ही अण्णा म्हणतो, गाव गुरुजी म्हणायचं. मास्तर म्हणणारं जगात एकच माणूस होतं. सासूबाई. "मास्तर, चहा घ्या." "मास्तर कुठे गेले गं?"

मास्तर खाली आहेत.

मी कशी धावले मला आठवत नाही. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या बाजूला, जमिनीच्या पातळीपासून पाच पायऱ्या उतरून, पंपाची जुनी खोली आहे. लोखंडी दार, बाहेरून कडी. सगळी कॉलनी शोधली आणि स्वतःच्या पायाखालची जागा बघितली नव्हती. गारव्यासाठी अण्णा आत गेले असणार, आणि येता-जाता कोणीतरी दार उघडं दिसलं म्हणून कडी लावून टाकली असणार. पंपाच्या आवाजात त्यांची हाक कोणाला ऐकू जाणार?

कडी काढली. भिंतीला टेकून बसले होते, ओठ पांढरे पडलेले, पण शुद्धीवर. मी वर बघून रूथला हाक मारली. ती फ्रिजमधली बाटली घेऊन आली. अण्णा घोट घोट प्यायले, अर्ध्यावर थांबले आणि टोपण लावून बाटली माझ्या हातात दिली. "उरलेलं हिला." मला वाटलं माझ्यामागे उभ्या रूथबद्दल म्हणतायत.

दोन दिवस सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर गेला असता तर कठीण होतं.

आता तुमचे प्रश्न. टेलरला विचारलंस का? विचारलं. त्याचं दुकान तो आठवडाभर बंद होतं, तो भावाच्या लग्नाला गावी होता. नेगी आंटींना विचारलंस का? तेही विचारलं. सगळा वेळ जिन्याकडे तोंड करून बसल्या होत्या, वर कोणीही आलं नाही असं त्या शपथेवर सांगतात. ब्लॉकमध्ये दुसरं मराठी कोणी? एकच कुटुंब, आणि ते सुट्टीत नागपूरला गेलेलं. रूथला सासूबाईंचा फोटो दाखवलास का? नाही दाखवला आणि दाखवणार नाही. नऊ वर्षांच्या पोरीसमोर फोटो धरला तर ती हो म्हणेल, मग तुम्ही सगळे टाळ्या वाजवाल. तिने तेव्हा एवढंच सांगितलं होतं, "साड़ी वाली आंटी थी. गुस्से में थी."

पाळकसाहेब म्हणतात, हे तुझ्या विश्वासाचं फळ. कसला विश्वास? आणि फळच असेल तर मग पहाटे उठणाऱ्या आईंना ते का नाही मिळालं? त्या तर मनापासून मागत होत्या. निरोप देणारी ती बाई कोण, ते मला आजही ठाऊक नाही. आणि निरोप द्यायचाच होता तर मराठी न कळणाऱ्या पोरीला का दिला, याचा मला कितीतरी दिवस राग येत होता. पोरीला मराठी का कळत नाही, हे मला कोणी सांगायची गरज नाही.

शेवटचं एक. सुहासला सोडून हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. अण्णा घरी आल्यावर आठवड्याने रूथ चित्र रंगवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मम्मी, उस आंटी को मैंने पानी पूछा था. बहुत गर्मी थी ना."

"फिर? क्या बोली?"

"बोली, आधी त्यांना दे." हे शब्द तिने तसेच, मराठीत म्हटले. "त्यांना मतलब मास्टर को, है ना? और आधी मतलब हाफ?"

मी म्हटलं, "नाही गं बाळा. आधी म्हणजे अगोदर. पहले."

आधी त्यांना दे. उरलेलं हिला.

त्या मंगळवारी संध्याकाळी हॉस्पिटलमधून कपडे न्यायला मी घरी आले होते. ती अर्धी बाटली ओट्यावरच होती, पाणी कोमट झालं होतं. मी ते सिंकमध्ये ओतून दिलं.