अनारकुल आणि चटका

नारीन गावच्या पेट्रोल पंपावर काम करत अनारकुलला अकरा वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. जानेवारीत थंडी उणे पंचवीसच्या खाली गेली की गाडीच्या दाराला बोट लावताच चटका बसायचा. लोक म्हणायचे, थंडी चावते. तीही तेच म्हणायची.

एका सकाळी नेहमीचं गिऱ्हाईक कुबात जीप घेऊन आला. मागे लोकरीच्या जाड नमद्यावर प्लॅस्टिकचा डबा होता.

"खाली उतरव," ती म्हणाली.

"राहू दे ना, एजे. कंबर धरलीय माझी," तो म्हणाला. ती त्याच्यापेक्षा मोठी, म्हणून एजे, म्हणजे ताई.

तिने तिथेच नळी लावली. डबा अर्धा भरला तोच तोंडाशी चट् वाजलं आणि निळी ज्योत उठली. कुबात नळी ओढायला धावला. ओढली असती तर पेट्रोल अंगावर उडालं असतं. तिने नळीचा खटका सोडून पेट्रोल थांबवलं, त्याला कोपराने मागे ढकललं आणि लाल सिलिंडर उचलून आग विझवली. गेल्या त्या फक्त तिच्या भुवया.

मालक म्हणाला, "सिगारेट ओढत असशील."

तिने जन्मात सिगारेट ओढली नव्हती. मग ठिणगी आली कुठून? दोन रात्री हा प्रश्न तिला झोपू देईना. तिसऱ्या दिवशी ती शार्शेन मास्तरांकडे गेली. त्यांनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. मास्तरांनी तिला चहा दिला, प्लॅस्टिकचा कंगवा आपल्या केसाळ टोपीवर घासला आणि कागदाच्या कपट्यांजवळ धरला. कपटे उड्या मारून कंगव्याला चिकटले.

"घासलं की एक वस्तू थोडी वीज देते, दुसरी घेते," मास्तर म्हणाले. "लोखंडातून ती वीज जमिनीत निघून जाते. प्लॅस्टिक आणि नमदा तिला वाट देत नाहीत. मग ती साठते, आणि जवळ धातू आला की उडी मारते."

"पेट्रोल कुठे घासतं?"

"नळीतून धावतं ते काय?"

"मग उन्हाळ्यात चटका का बसत नाही?"

"हवेत ओल असली की बिचारी हळूहळू निसटून जाते. आपला हिवाळा ठणठणीत कोरडा."

अनारकुलचं तेवढ्याने समाधान झालं नाही. महिनाभर ती स्वतःच ताडून पाहत राहिली. बर्फ वितळून धुकं पडलं, त्या दिवशी एकही चटका नाही. नायलॉनचा कोट घालून सीटवरून उतरलं की हमखास. मग तिने पंपावर नियम केला: डबा जमिनीवर ठेवायचा आणि नळी धरण्याआधी लोखंडी खांबाला हात लावायचा.

"एजे, खांबाशी सोयरीक जुळवतेस काय आमची?" कुबातने विचारलं.

"खांबाला जावई पसंत पडला पाहिजे ना. लाव हात."

मालक कुरकुरला, पण त्या हिवाळ्यात दुसरी ज्योत उठली नाही, तेव्हा त्याने स्वतःच खांबाला लाल रंग फासला.

दोन वर्षांनी तिचा भाचेजावई मिर्लान याने लोखंडी शेगड्या रंगवण्याचं दुकान काढलं. फवाऱ्याच्या बंदुकीतून रंगाची कोरडी पूड उडायची, हुकाला टांगलेल्या लोखंडाला चिकटायची, मग भट्टीत वितळून रंग पक्का व्हायचा. अनारकुल सहज बघायला गेली. पूड शेगडीच्या मागच्या बाजूलाही वळून बसत होती.

"हिला मागचा रस्ता कोण दाखवतं?" तिने विचारलं.

"बंदूक पुडीत वीज भरते, मावशी. लोखंड ओढून घेतं."

"म्हणजे माझ्या भुवया नेल्या तीच."

ती रोज जायला लागली आणि शेवटी पंप सोडून तिथेच कामाला राहिली. एकदा आठवडाभर रंग धरेना; पूड भुरभुर खाली पडायची. मिर्लान बंदूक खोलून बसला. अनारकुल बराच वेळ हुकाकडे बघत होती. त्याच्यावर जुन्या रंगाचे थरावर थर चढले होते.

"लोखंडाला लोखंड लागतच नाहीये," ती म्हणाली. "वीज जमिनीत जाणार कशी?"

तिने कानस घेऊन हुक चकचकीत होईपर्यंत घासला. पुढची शेगडी एका फवाऱ्यात काळी झाली. मिर्लानने उरलेले सगळे हुक तिच्यापुढे आणून ओतले.

पुढे एकदा तिने मास्तरांना विचारलं, "दोन वस्तूंपैकी कोण देणार आणि कोण घेणार, हे ठरवतं कोण?"

"ते नीटसं अजून मोठमोठ्यांनाही उमगलेलं नाही," मास्तर म्हणाले.

आपल्यालाही शोधायला काही उरलंय, याचा अनारकुलला फार आनंद झाला. तिने मास्तरांकडून तो कंगवा मागून घेतला आणि घरी जाताना वाटेत तो लोकरीवर, रबरावर, काचेवर घासून बघत गेली.