तेच पुस्तक चौथ्यांदा

उत्कर्षाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. त्याच वेळी तिचे वडील जोतीराम कांदा-बटाटा मार्केटला निघायचे. कोपरखैरण्याच्या त्या एका खोलीत दोघांना एकच दिवा पुरायचा. ते डोक्याला फडकं बांधायचे, ती पुस्तक उघडायची. बांधता बांधता ते तिरक्या नजरेनं बघायचे.

पुस्तक तेच. गेल्या वर्षी होतं, तेच. ही चौथी खेप.

जोतीरामांनी जन्मभर पाठीवर गोण्या वाहिल्या. हमालांच्या टोळीतला अंगचोर ते लांबून ओळखायचे. थप्पीला लावलेली गोणी जो पुन्हा पुन्हा हलवतो, तो काम करत नाही, काम केल्याचं दाखवतो.

"शालन, पोरगी फसवतीया आपल्याला," ते बायकोला म्हणाले. "नापास झालीया. सांगंना झालीया."

"अवो, इटलीची भाषा हाय ती. येळ लागायचाच."

"मग येत न्हाई म्हनावं की सरळ."

येत होतं. बी.ए.ला जर्मनच्या वर्गात जागा उरली नव्हती म्हणून ती इटालियनच्या वर्गात जाऊन बसली, ती उठलीच नाही. त्यातच एम.ए. केलं. आता दिवसा कॉलेजात तासावर शिकवायची आणि उरल्या वेळात पीएच.डी. करायची. विषय, इटलीतल्या खाणकामगारांवरच्या आधुनिक कादंबऱ्या. जोतीरामांना विषयातच खोट दिसायची. घाम गाळायचा दुसऱ्यानं आणि पदवी घ्यायची हिनं!

शेवटची तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही जाऊन बसावं, हे शालनकडून कळलं. ते न सांगता गेले आणि मागच्या खुर्चीत बसले. त्यांना बघून उत्कर्षा दचकली. दचकली, म्हणजे काहीतरी आहे, ते मनात म्हणाले.

सवाल-जवाब इंग्रजीत चालले होते. कळत काही नव्हतं. ते नुसते तिचे खांदे बघत होते. भार नकोसा झाला की माणूस आधी खांदा चोरतो. तिनं अजून तरी चोरला नव्हता.

रिवाजाप्रमाणे अध्यक्षांनी शेवटी विचारलं, कुणाला प्रश्न आहे का. मागं बघून त्यांनी तेच मराठीत विचारलं. जोतीराम उभे राहिले.

"म्याडमना इचारायचंय. तेच पुस्तक चार येळा का वाचाय लागतं?"

लोक हसले. उत्कर्षा हसली नाही.

"खाणीतली माणसं त्यात फार कमी बोलतात. पहिल्यांदा मी त्यांचं बोलणंच वाचलं. ती गप्प कुठं होतात, ते सुटलं."

"म्हंजी पयल्या खेपंला काम नीट झालंच न्हाई."

"न्हाई झालं, आप्पा. दुसऱ्या खेपंलाबी न्हाई."

जोतीराम खाली बसले. हातातनं गोणी निसटली की अंगचोर गोणीलाच शिव्या घालतो. हिनं घातल्या नाहीत.

तरी बसस्टॉपवर त्यांनी विचारलंच, "पन ती खान खरी हाय कशावरनं?"

"बघायलाच जाऊ की."

पदवी मिळाली. पुढं कायमची नोकरीही लागली. वर्षभराच्या पगारातून उत्कर्षानं तिकिटं काढली. इटलीतल्या सार्डिनिया बेटावरची, पुस्तकातली ती खाण बंद पडलेली, आता बघायला उघडी होती.

जोतीराम गेले नाहीत. "तिकीट लावून दावत्यात, म्हंजी बनावटच असनार."

मग शालन गेली. तिथून तिचा फोन आला. "अवो, खाली उतरले मी. वाकून चालाय लागतंय."

"आन् उत्की? का वरच बसली?"

"उतरली की. गुडघा फोडून घेतलाय."