कोहारूची खीर

हा किस्सा मी स्वतःहून सांगितला नसता. पण आमच्या मृणालने, म्हणजे बायकोने, तो बहारीनमधल्या निम्म्या मराठी घरांत आधीच सांगून टाकलाय, आणि तिच्या सांगण्यात मी फारच भित्रा दिसतो. म्हणून म्हटलं, चहा होईपर्यंत माझ्या तोंडून ऐका. भित्रा तर मी यातही दिसेन, पण निदान कारणं कळतील.

मी सित्र्याला एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. रोज सकाळी कंपनीच्या बसमधून उतरलेल्या माणसांना उभं करून एकच गोष्ट बजावतो, की लेबल वाचल्याशिवाय ड्रमला हात लावायचा नाही. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता माझं व्यसन. जपानची एक साइट आहे, तिथे लोक घरातल्या नको झालेल्या वस्तू विकतात. मधली एक कंपनी ती वस्तू घेऊन आपल्याकडे पाठवते. जपानी माणसाची जुनी वस्तू म्हणजे काय सांगू, आपण नवी आणतो ती याहून जुनी दिसते. घड्याळ झालं, कॅमेरा झाला, भाताचा कुकर झाला. फोटो बघायचा आणि बटण दाबायचं. खाली जपानीत लिहिलेलं कोण वाचत बसणार?

यंदा गणपतीला आई नाशिकहून पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होती. नईममधल्या आमच्या फ्लॅटमध्ये देव होते स्वयंपाकघराच्या फळीवर, डाळींच्या डब्यांशेजारी. आईने ते व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि काहीच बोलली नाही. आमची आई बोलत नाही तेव्हा जपून राहायचं असतं. मृणाल म्हणाली, “अहो, आई यायच्या आत देव्हारा हवा. नाहीतर त्या येऊन त्या फळीकडे बघत बसतील आणि मी त्यांच्याकडे.”

आणि त्याच आठवड्यात मला तो दिसला. काळं चकचकीत लाकूड, आतून सगळं सोनेरी, दोन दुमडती दारं, आत तीन पायऱ्या, खाली छोटा खण. देव्हाराच तो. दाबलं बटण.

देव्हारा आला, सगळ्यांनी वाखाणला. खालच्या खणात कापडात गुंडाळलेली एक वीतभर काळी पाटी निघाली, चौथऱ्यावर उभी, वर सोनेरी जपानी अक्षरं. आम्हाला वाटलं, देवाचं नाव असणार. मृणालने ती गणपतीशेजारी ठेवली. रोज हळदकुंकू, रोज नैवेद्य. मीही कामावर जाताना पाटीला हात जोडायचो. जपानी यंत्रं वेळेवर चालतात, तशी देवताही चालत असेल असा माझा हिशोब. तीन आठवडे असे गेले.

मग एका शुक्रवारी मी मोरी-सान यांना जेवायला बोलावलं. हे आमच्या कारखान्यात नवी मशिनरी बसवायला जपानहून आलेले इंजिनिअर, अतिशय सभ्य गृहस्थ. मी कौतुकाने त्यांना देव्हाऱ्यासमोर नेलं. ते थबकले. मग खाली गुडघ्यांवर बसले आणि इतका वेळ वाकून राहिले की मृणाल स्वयंपाकघरातून वाटी हातात घेऊन बघायला आली.

उठून त्यांनी हळू आवाजात मोडक्या इंग्रजीत समजावलं. जपानात असं कपाट घरातल्या गेलेल्या माणसासाठी असतं. ही पाटी म्हणजे ते गेलेलं माणूस. पाटीवर नाव आहे कोहारू. त्याखाली वय.

“सतरा,” मोरी-सान म्हणाले. “तुमच्या ओळखीची मुलगी होती का?”

मृणालच्या हातातली वाटी मी धरली म्हणून वाचली. मोरी-सान जेवले, आम्ही नुसतं वाढत राहिलो.

ते गेल्यावर दोघंही सोफ्याच्या एका टोकाला बसलो, देव्हाऱ्यापासून जे लांबचं होतं त्या. परक्याची लेक, लग्नाआधी गेलेली, आणि आपण तिच्या घरात घुसून आपले देव मांडले! मग एकेक आठवायला लागलं. देव्हारा आला त्याच आठवड्यात माझा टायर फुटला. ऐन ऑगस्टमध्ये एसी बंद पडला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गणपतीपुढचा चांदीचा उंदीर. रोज सकाळी पूजेला गेलं की तो आडवा पडलेला असायचा. इतके दिवस मी मृणालला म्हणत होतो की तू नीट ठेवत नाहीस, आणि ती मला म्हणत होती की तुम्ही धक्का मारता.

मला भीती वाटली, साफ सांगतो. आई बुधवारी येणार, याच देव्हाऱ्यासमोर बसून अथर्वशीर्ष म्हणणार, आणि शेजारी ती मुलगी. आईला काही झालं तर? पाटी बाहेर काढायची कुणाची हिंमत नव्हती, आणि काढून ठेवायची तरी कुठे? समुद्रात सोडावी, तर हिद्दच्या बंदराजवळ पिशवीतून काहीतरी पाण्यात टाकणाऱ्या माणसाने पोलिसांना काय सांगायचं?

शनिवारी मृणाल म्हणाली, कुमारिका आहे, तिचं काहीतरी करायला हवं. ती बांगड्या आणि गजरा आणायला बाजारात गेली. मी घरात एकटा. पाच मिनिटं बसलो, मग खाली जाऊन गाडीत एसी लावून बसलो. वॉचमनने विचारलं तेव्हा ऑनलाइन मीटिंग आहे म्हणून सांगितलं. ही मीटिंग दीड तास चालली.

संध्याकाळी मृणालने पाटीपुढे हिरव्या बांगड्या ठेवल्या, गजरा ठेवला, वाटीभर शेवयांची खीर ठेवली आणि पदर पसरून म्हणाली, “पोरी, चुकलं आमचं. पण बुधवारी सासूबाई येतायत, तेवढं सांभाळून घे.” सकाळी खीर तशीच होती, बांगड्या तशाच. उंदीर मात्र वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आलेला.

आता काही सुचेना. मी भाषांतराच्या अ‍ॅपच्या मदतीने त्या साइटवरून विकणाऱ्याला निरोप पाठवला. घाईघाईत थोडक्यात लिहिलं: ‘तुमची मुलगी आमच्याकडे आहे. तिला आम्ही नीट ठेवलंय. आता काय करायचं ते लवकर कळवा.’

पाठवल्यावर मृणालने वाचलं. “अहो,” ती म्हणाली, “मुलं पळवणारे असंच लिहितात.”

भुताची भीती होतीच, वर पोलिसांची आली. सोमवारी अनोळखी नंबरवरून फोन आला आणि मी बायकोचं नाव, माझं नाव, व्हिसाची तारीख, सगळं न विचारता सांगून टाकलं. गॅसचं सिलिंडर देणारा होता तो. खलास, नोकरी गेली, आता आई विमानातून उतरणार आणि मी चढणार, असं मी धरूनच चाललो.

मंगळवारी उत्तर आलं. लांबलचक. पहिली चार वाक्यं नुसती क्षमा मागण्यात गेलेली. पाचव्या वाक्यात कोहारू.

कोहारू त्यांच्या आईची मांजर होती. सतरा वर्षं सुखात जगली आणि म्हातारी होऊन गेली. आई आता वृद्धाश्रमात असते, रोज पाटीबद्दल विचारते, आणि हे लोक महिनाभर घर पालथं घालून शोधतायत. पाटी परत पाठवाल का? शेवटी एक नम्र ओळ होती: ‘हे कपाट पाळीव प्राण्यांच्या आठवणीसाठी आहे, असं आम्ही वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. अक्षर लहान पडलं असल्यास माफ करावं.’

लेबल, मंडळी. पहिल्याच ओळीत.

मला वाटलं मृणाल हसेल. ती देव्हाऱ्याकडे बघत होती. “म्हणजे तीन आठवडे,” ती सावकाश म्हणाली, “आपण मांजरासमोर उंदीर ठेवत होतो.”

दुपारीच पाटी पाठवायची ठरली. मृणालने ती ओटीच्या खणाच्या कापडात गुंडाळली आणि बांगड्याही आत घातल्या. मी म्हटलं, अगं, मांजर आहे ती. तर म्हणाली, “माहेरी निघालीय. रिकामी कशी पाठवू?” पोस्टात तिचे डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर माझेही.

बुधवारी आई आली. देव्हारा पाहिला, नमस्कार केला, छान आहे म्हणाली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मग तिने विचारलं, “उंदीर कुठाय रे?”

खरी गोष्ट अशी, की त्या भिंतीवर एसी आहे, तो दुरुस्त केल्यापासून जास्तच थरथरतो, आणि भिंतीला टेकलेला देव्हाराही हलतो. हे मी सेफ्टी ऑफिसर म्हणून स्वतः तपासलंय. तरी उंदीर मी फ्रिजवर ठेवला होता. त्यावर मृणाल म्हणाली, मांजर फ्रिजवर सहज चढते.

तेव्हापासून उंदीर सित्र्याला माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतो, कुलपात. आणि ड्रॉवरवर ‘हात लावू नये’ असं लेबल लावलंय, मोठ्या अक्षरात, जपानीतसुद्धा. मोरी-सान यांच्याकडून लिहून घेतलं.