तांब्याच्या घंगाळातली मित्रबुरशी

फळांवर विष मारू नका, असा कागद छापून मी गावोगाव वाटत फिरते. विष विकणाऱ्या दुकानदारांच्या शिव्या खाते, उलट देतेही. पण शेजारच्या काकूंच्या दारापुढून जाताना अजून कागद पिशवीत सारते मी.

येरमाळ्याकडचा रस्ता रुंद करायला त्यांचं आंब्याचं झाड तोडलं. काकांनी लावलेलं. काका जाऊन वर्ष होत आलं होतं. आंबे हिरवेच होते, पण तोडणारे थांबेनात, म्हणून घाईनं उतरवून घेतले. वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर. काकूंचं एकच म्हणणं, त्या दिवशी त्यांच्या पानात त्यांच्याच झाडाचा रस पडावा. पुढच्या वर्षी झाड कुठलं?

पिकताना आंबे कुजू नयेत म्हणून त्यांचे दीर बुरशीनाशकाचा डबा घेऊन आले. मी दारातच अडवलं. "गेलेल्या माणसाला विष वाढणार का?" असं तोंडावर बोलले. ते वाक्य आता झोपताना मलाच ऐकू येतं.

मी मित्रबुरशीची पुडी दिली. म्हटलं, "ही चांगली बुरशी. आधी फळावर बसली की कुजवणारीला जागाच देत नाही."

काकू हसल्या. "म्हंजी चोर येऊ नये म्हणून भाडेकरू ठेवायचा!"

कागदावर सगळं होतं: पुडी गुळाच्या पाण्यात कालवा, रात्रभर ठेवा, आंबे बुडवून सावलीत सुकवा, मग पिकायला गवतात अढी लावा. भांडं स्वच्छ घ्या.

सातव्या दिवशी त्यांच्या खोलीतून वास आला. गोड, ओला, घशात बसणारा. गवत बाजूला केलं. देठापाशी काळं, वर राखाडी लव. एक आंबा उचलला तर बोट आत गेलं. दुसरा, तिसरा. सगळी अढी तशीच.

"काकू, कशात कालवलं होतं?"

"घंगाळात. देवाच्या पाण्याचं, तांब्याचं. चिंचेनं घासून लख्ख केलं. तुज्या कागदावर होतं की, स्वच्छ भांडं. त्याच्यापरीस स्वच्छ कुठलं हाय घरात?"

द्राक्षावर बुरशी मारायला मोरचूद फवारतात, त्यात तांबंच असतं. हे मला माहीत होतं. गुळाच्या पाण्यात रात्रभर तांबं उतरलं, मित्रबुरशी सकाळपर्यंत मेली. आंब्यांना लागलं ते नुसतं गोड पाणी, कुजवणारीचं जेवण; ती देठातून आधीच आत शिरलेली, तिच्यापर्यंत एवढंसं तांबं पोचलं नाही. 'विष मारू नका' या घोषणेला अर्धं पान दिलं होतं मी. प्लास्टिकची बादली घ्या, एवढं छापलं नव्हतं.

मी सांगून टाकलं. काकूंनी घंगाळ पुढ्यात ओढलं.

"म्हंजी माज्याच हातानं व्हय?"

"न्हाय काकू, माझ्या कागदानं."

हे त्यांनी ऐकलं की नाही, मला आजही कळलेलं नाही.

श्राद्धाला त्यांनी मला बोलावलं. काकांच्या फोटोपुढं पान मांडलं. रसाची वाटी ठेवली, पदर सावरला आणि फोटोला हळूच म्हणाल्या, "यंदा इकतचा हाय. गोड मानून घ्या."

मग माझ्या पानात रस वाढला. "खा की गं." मी खाल्ला.